गुपिताचा गुन्हा : मराठी कौटुंबिक रहस्यकथेच्या पूर्वपीठिकेविषयी काही विचार

१८७९ च्या मे महिन्याच्या १० व ११ तारखांच्या सुमारास दौलतराव नाईक रामोशी ह्याच्या टोळीने घाट उतरून पनवेलनजीकच्या पळस्पे व चिखली ह्या गावांवर दरोडे घातले. टोळी वासुदेव बळवंत फडके ह्यांच्या बंडातील होती आणि फडके मूळचे पनवेलपासून काही मैलांवर असलेल्या शिरढोणचे. दरोडा पडला कोठे, घातला कोणी, त्यामागे हेतू काय, ह्यांपैकी एकही गोष्ट फार दिवस अज्ञात राहिली नाही. वर्तमानपत्रांनी ती छापली, सरकारी दप्तराने ती नोंदली. आणि खुद्द फडके ह्यांनी लिहून ठेवलेले आत्मवृत्त पोलिसांच्या हाती लागून त्यांच्यावरील खटल्यात पुरावा म्हणून पुढे आले. त्याचे इंग्रजी रूपांतर मुंबई सरकारने १९५७ साली स्वातंत्र्यलढ्याच्या साधनग्रंथाच्या पहिल्या खंडात प्रसिद्ध केले आहे. पनवेलच्या परिसराने मराठी मुलखाला दिलेला गुन्ह्याचा हा सर्वांत ठळक लेख होय. आणि त्यात लपविलेले असे जवळजवळ काहीच नाही. कर्ता आपले नाव सांगतो, आपला हेतू सांगतो, आणि शिक्षेची वाट पाहतो.

त्याच आठवड्यात, १३ मे रोजी, पुण्यातील बुधवारवाडा व विश्रामबागवाडा ह्यांना आगी लागल्या. संशय अर्थातच प्रथम फडक्यांच्या लोकांवर गेला. त्या संशयाच्या वातावरणात न्यायमूर्ती रानडे ह्यांची धुळ्यास बदली झाली. पुढे निष्पन्न झाले ते निराळेच : सरकारी पुस्तक-डेपोतील एका कारकुनाने आपली अफरातफर झाकण्यासाठी आग लावली होती. बंडाच्या धुराआड एका सामान्य माणसाचे हिशेब जळत होते. कोणाही चतुर कथालेखकाला हेवा वाटावा असे हे कथानक आहे. परंतु प्रस्तुत लेखकाच्या माहितीप्रमाणे त्यावर नाव घेण्याजोगी मराठी रहस्यकथा झाली नाही. ह्या न झाल्याचे कारण शोधू लागले असता आपण एका मोठ्या प्रश्नाशी येऊन पोहोचतो. लहान गाव, जुने घर, घरात दडलेला गुन्हा आणि पिढी-दोन पिढ्यांनी त्याचा होणारा उलगडा, हा आज सर्व जगात वाचकप्रिय असलेला वाङ्मयप्रकार आहे. मराठीत त्याचे पूर्वज कोण? गुप्त पोलिसी कादंबऱ्या हे त्याचे सहज सुचणारे उत्तर होय. ते चुकीचे आहे, आणि खरे पूर्वज अन्यत्र, म्हणजे फौजदारी खटल्यांत, विधवांविषयीच्या पुस्तिकांत आणि शेवटी रंगभूमीवर सापडतात, असे येथे दाखवावयाचे आहे.

प्रथम गावाविषयी थोडे. पनवेलचे उदाहरण घेण्याचे कारण केवळ सोयीचे नाही. मुंबईहून होडीने पनवेल बंदरी उतरावे आणि तेथून गाडीरस्त्याने पुणे गाठावे, असा दख्खनच्या प्रवासाचा जुना क्रम होता. बोरघाटातून गाड्या जाऊ शकतील असा रस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांच्या कारकीर्दीत १८३० साली खुला झाला, तेव्हापासून ह्या गावाला विशेष महत्त्व आले. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. मुंबई इलाख्यातील अगदी आरंभीच्या नगरपालिकांपैकी ती एक होय. बैलगाड्या व त्यांची चाके तयार करण्याचा धंदा येथे भरभराटीस आला होता. १८६३ साली बोरघाटातील लोहमार्ग पूर्ण होऊन पुण्याची वाहतूक कल्याण-कर्जतवरून जाऊ लागली आणि पनवेलच्या हमरस्त्याचे तेज ओसरले. तरी गाव टिकून राहिले. १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिक ह्यांनी सुरू केलेला धूतपापेश्वर हा औषधीनिर्मितीचा कारखाना ह्याच पडत्या काळातला. १८८३ पर्यंत हा तालुका ठाणे जिल्ह्यात होता. त्यानंतर तो कुलाबा जिल्ह्यात आला.

म्हणजे हे गाव दुहेरी स्वभावाचे. बंदर आणि हमरस्ता ह्यांमुळे परका माणूस येथे नित्याचा. त्याच वेळी आळीतल्या आळीत प्रत्येकाला प्रत्येकाचे सोयरसुतक ठाऊक. अशा गावात कौटुंबिक गुपिताचे स्वरूप काय असते, हे मराठी भाषेलाच विचारून पाहावे. आपल्याकडे ‘रहस्य’ आणि ‘गुपित’ असे दोन शब्द आहेत आणि त्यांचे क्षेत्र एक नाही. रहस्य म्हणजे जे कोणासही ठाऊक नाही आणि शोधून काढावे लागते ते. गुपित म्हणजे जे काहींना ठाऊक आहे आणि बोलावयाचे नाही ते. ‘झाकली मूठ’, ‘अळीमिळी गुपचिळी’, ‘चव्हाट्यावर आणणे’, ‘बभ्रा होणे’ ह्या साऱ्या प्रयोगांतून दिसते ते हेच, की मराठी समाजाला काळजी होती ती अज्ञाताची नव्हे, उच्चाराची. पाप घडले हे संकट नाही. त्याचा बभ्रा झाला हे संकट. ह्या भेदावर पुढील सर्व विवेचन उभे आहे, म्हणून त्यावर थोडे थांबलो.

आता इंग्रजी कौटुंबिक रहस्यकथेचा जन्म कसा झाला ते तुलनेसाठी पाहू. १८६० साली विल्टशायर परगण्यातील रोड ह्या खेड्यात एका सुखवस्तू घरातील सुमारे चार वर्षांच्या मुलाचा खून झाला. लंडनहून आलेला व्हिचर नावाचा गुप्त पोलीस अधिकारी घरातील माणसांचे कपडे मोजू लागला, आणि त्याने मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीवर आरोप केला. लोकमत खवळले ते खुन्यावर नव्हे, तर व्हिचरवर. सभ्य गृहस्थाच्या घरात शिरून त्याच्या मुलींच्या वस्त्रांची चौकशी करणारा हा कोण? मुलगी सुटली आणि व्हिचरची कीर्ती गेली. १८६५ साली तिने आपण होऊन गुन्हा कबूल केला. तीन वर्षांनी विल्की कॉलिन्सची ‘मूनस्टोन’ ही कादंबरी निघाली. तिच्यातील डाग पडलेल्या वस्त्राचा धागा सरळ रोड येथील प्रकरणाकडे जातो. सारांश, इंग्रजी रहस्यकथेचा आरंभबिंदू म्हणजे घराच्या उंबऱ्यावर उभा असलेला, आत घेतला गेलेला आणि म्हणून अप्रिय झालेला पोलीस.

आपल्याकडे पोलीस उंबऱ्यावर आला नाही. तो विहिरीवर आला.

हे विधान रूपकात्मक नाही. पेशवाईत व्यभिचार हा राजदंडास पात्र असा गुन्हा होता आणि पुण्याच्या कोतवालीत ‘शिंदळकी’च्या नावाखाली त्याची दखल घेतली जाई, ब्राह्मणांच्या बाबतीत निर्णय बहुधा धर्माधिकाऱ्याकडे व जातिसभेकडे जाई. इंग्रजी अमलात चित्र पालटले. हिंदी दंडसंहिता १८६० साली संमत झाली व १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिच्यात गर्भपात, अर्भकाचा त्याग व अर्भकाचा मृत्यू ह्यांविषयी कलमांची एक मालिकाच आहे, आणि तिच्या शेवटी ३१८ वे कलम येते. जन्मापूर्वी, जन्मताना वा जन्मानंतर मरण पावलेल्या अर्भकाच्या प्रेताची गुप्तपणे विल्हेवाट लावून त्याचा जन्म लपविणे हा त्या कलमान्वये गुन्हा ठरतो. मूल मेले कसे, हा प्रश्न तेथे नाही. लपविले हाच गुन्हा. ज्या समाजात घराची सारी अब्रू गुपितावर तोललेली होती, त्या समाजाला मिळालेला हा कायदा होता. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. हा अपराध तिच्यातही कायम आहे.

कायदा अमलात आल्यानंतर वर्ष-दीड वर्षातच पुण्यात जे प्रकरण उद्‌भवले, ते आपल्या विषयाचे मूळ प्रकरण मानावे असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्याची हकीकत जोतीराव फुले ह्यांनी बेहरामजी मलबारींच्या बालविवाह व सक्तीचे वैधव्य ह्यांविषयीच्या टिपणांवर ४ डिसेंबर १८८४ रोजी जे मत कळविले, त्यात आली आहे. काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा सदाशिव बल्लाळ गोवंडे ह्यांच्या घरी स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला वश केले. गर्भ राहिला. पाडण्याचे उपाय फसले. मूल जन्मले, तिने ते मारले आणि विहिरीत टाकले. प्रेत सापडले, ती पकडली गेली, पुण्याच्या सेशन कोर्टात खटला झाला आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा होऊन अंदमानास पाठविण्यात आले. गोवंडे हे जोतीरावांचे मित्र व सुधारणेच्या कार्यातील सहकारी. म्हणजे हे गुपित कोणा कर्मठाच्या वाड्यात नव्हे, सुधारकांच्या अगदी निकटच्या घरात वाढले आणि तेथेही ते वेळेवर कोणाला सांगता आले नाही. जोतीराव हे लपवीत नाहीत. ह्याविषयी त्यांचा जितका आदर करावा तितका थोडाच.

ह्या हकीकतीत एक गोष्ट नाही. शास्त्र्याचे नाव नाही. बाई कोण, कोणाच्या घरची, तिला काय शिक्षा झाली, हे सारे आहे. पुरुष केवळ ‘एक शास्त्री’ म्हणून येतो आणि निघून जातो. इंग्रजी रहस्यकथेचा शेवटचा अध्याय ज्या एका नावासाठी लिहिला जातो, ते नाव येथे कोऱ्या जागेइतके कोरे आहे. आणि हे विसरून चालणार नाही की ते कोणाला ठाऊक नव्हते असे नव्हे. बाईला ठाऊक होते, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांतही त्याची कुजबुज असणारच. ते रहस्य नव्हते, गुपित होते. न्यायालयाने जे शोधून काढले, ते आळीला आधीच ठाऊक असलेल्याचा अर्धा भाग होता.

येथे एका घोटाळ्याचा उल्लेख अवश्य केला पाहिजे, कारण विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून तो वारंवार आढळतो. फुले दांपत्याने दत्तक घेतलेल्या यशवंताच्या आईचे नावही काशीबाईच सांगितले जाते. ती काशीबाई १८७३–७४ मधील. तिचे मूल वाचले. अंदमानास गेलेली काशीबाई तिच्या दहा वर्षे आधीची. दोघींना एक करून जे भावपूर्ण कथानक रचले जाते, त्यात पहिलीची शिक्षा नाहीशी होते, आणि तिच्याबरोबर ह्या सर्व प्रकरणाची धारही नाहीशी होते.

१८६३ साली जोतीरावांनी आपल्या राहत्या जागेच्या आवारात बालहत्या-प्रतिबंधक गृह काढले आणि ब्राह्मण वस्तीत कोपऱ्याकोपऱ्यांवर त्याच्या सूचना लावल्या. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे १८८४ पर्यंत ३५ विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या. ह्या संस्थेचे वैशिष्ट्य सुधारणेच्या इतिहासात सांगितले जाते ते दयेचे. आपल्या दृष्टीने दुसरे एक वैशिष्ट्य अधिक महत्त्वाचे आहे. ही संस्था गुपिताच्या विरुद्ध नव्हती; ती गुपित राखण्याची हमी देत होती. दंडसंहितेने लपविणे हा गुन्हा ठरविला होता. जोतीरावांनी लपविण्यासाठी एक सुरक्षित जागा निर्माण केली, जेणेकरून विहिरीची गरज पडू नये. पुढे १८७५ च्या सुमारास पंढरपूर येथे लालशंकर उमियाशंकर त्रवाडी ह्या न्यायाधीशांच्या खटपटीने अशाच हेतूने अनाथ बालकाश्रम निघाला. पंढरपूरची निवड सार्थ होती. यात्रेला गेलेल्या विधवेला कोणी ‘का गेली’ असे विचारीत नाही.

ह्या ठिकाणी पनवेलसारख्या गावांची आठवण होते. कोकणातील घरातून एखाद्या विधवेला पुण्यास वा पंढरपुरास नेले जात असेल, तर उत्तर कोकणापुरता तो मार्ग बहुधा बंदरावरून व बोरघाटाच्या रस्त्याने जाणार. ह्या प्रवासांची नोंद करणारे कोणतेही दप्तर असणे संभवनीय नाही, कारण प्रवास यशस्वी होणे म्हणजेच नोंद न होणे. हा तर्क आहे, आणि तो तर्क म्हणूनच घ्यावा. पण इतिहासाच्या अभ्यासकाला जी नोंद सापडते ती नेहमी फसलेल्या गुपिताची असते, ही गोष्ट त्यातून निश्चितपणे ध्यानी येते. फडक्यांच्या आत्मवृत्ताशेजारी ठेवून पाहिले असता दोन दप्तरांमधील अंतर स्पष्ट होते : दरोडेखोराला आपली कथा स्वतः लिहिता आली, काशीबाईचा एकही शब्द तिचा म्हणून आपल्यापर्यंत आलेला नाही.

वाङ्मयाने ह्या विषयात कायद्याच्याही आधी पाऊल टाकले होते, हे मात्र मान्य केले पाहिजे. बाबा पदमनजी ह्यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली, म्हणजे विधवाविवाहाचा कायदा झाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी प्रसिद्ध झाले. यमुना व तिचा पती विनायक गावोगाव हिंडतात आणि प्रत्येक मुक्कामी त्यांना एकेका घरातील विधवेची स्थिती दिसते वा ऐकू येते. पुस्तकाचा हेतू धर्मप्रचाराचा आहे आणि रचना सैल आहे, हे आक्षेप जुने व खरे आहेत. तथापि रचनेचे मर्म आक्षेपकांनी पुरते ओळखलेले नाही. लहान गाव, परका प्रवासी, बंद घर आणि त्यातून बाहेर पडणारी हकीकत, ही पुढील काळातील कौटुंबिक रहस्यकथेची चौकट येथे पूर्णपणे तयार आहे. प्रवासी गुप्त पोलीस नाही इतकेच. तो काही शोधीत नाही. लोक त्याला सांगतात. परक्याजवळ बोलता येते, शेजाऱ्याजवळ नाही, हे पदमनजींनी अचूक हेरले होते.

१८८१ साली सुरतेच्या सेशन कोर्टाने विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला आपल्या अर्भकाच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा दिली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली आणि पुढे पाच वर्षांपर्यंत कमी झाली. ‘पुणेवैभव’सारख्या पत्रांनी ह्या निमित्ताने स्त्रीजातीच्या अनीतीवर लेख लिहिले, आणि वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी त्याचे उत्तर म्हणून १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापली. पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात तिच्या ५०० प्रती निघाल्या. जोतीरावांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये तिची बाजू घेतली. त्यानंतर हे पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले. स. गं. मालशे ह्यांनी १९७५ साली ते संपादून पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा मराठी वाचकाला त्याचा नव्याने शोध लागला. ह्या पुस्तकाची गणना निबंधवाङ्मयात होते व ती योग्यच आहे. परंतु त्याची तर्कपद्धती पाहावी. ताराबाई आरोपीचा बचाव करीत नाहीत. दुसऱ्या आरोपीला उभे करतात. स्त्रीवर ठेवलेला एकेक दोष घेऊन तो पुरुषाच्या ठायी अधिक आहे की नाही, हे त्या उलटतपासणीच्या आवेशाने विचारीत जातात. न्यायालयात जे नाव आले नाही, त्याची जागा त्यांनी सबंध जातीच्या नावाने भरली. एका लहान गावात बसून, दुसऱ्या प्रांतातील एका खटल्याच्या बातमीवरून, मराठी स्त्रीने केलेला हा तपास होय. कोणत्याही डिटेक्टिव्हाच्या तपासापेक्षा तो अधिक धाडसाचा आहे, असे म्हणताना मला संकोच वाटत नाही.

हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणुकी’त क्रमशः दिली तेव्हा आत्मकथनाचे रूप घेऊन घरातील बाई स्वतः बोलू लागली. यमूच्या कथेत कटकारस्थान आहे, विश्वासघात आहे, दुष्ट आप्त आहे. नाही तो फक्त गुन्हा, कारण तिच्यावर जे अत्याचार होतात ते कोणत्याच कलमाखाली येत नाहीत. सामाजिक कादंबरीने येथे जे क्षेत्र व्यापले, तेच अन्य देशांत रहस्यकथेचे क्षेत्र होते.

मग रहस्यकथेला काय उरले? उरले ते घराबाहेरचे जग. रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांचा मराठी लेखकांवर मोठा पगडा होता. त्या वळणावर गोविंद नारायण दातारशास्त्री ह्यांनी भुयारे, गुहा, गुप्त वारस आणि कालिकेच्या मूर्ती ह्यांनी भरलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्या लिहिल्या. पुढे बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, ह्यांनी हजारांहून अधिक लहान कादंबऱ्यांतून झुंजार, काळा पहाड व धनंजय हे नायक घराघरांत पोहोचविले. त्यांचे रंगस्थळ प्राधान्याने मुंबई. विद्यापीठीय समीक्षेने ह्या लेखनाकडे पाठ फिरविली ही तिची चूकच होय. ज्या पुस्तकांनी दोन पिढ्यांना वाचावयास शिकविले त्यांचा इतिहास लिहिणे आपले काम आहे. पण आपल्या प्रश्नापुरते सांगावयाचे तर ह्या नायकांना मधल्या आळीतील वाड्यात काम नव्हते. बंगालीत ‘दारोगार दप्तर’ १८९२ पासून आणि हिंदीत ‘जासूस’ मासिक १९०० पासून निघत होते. तेथे पोलीस कर्मचारी हा कथेचा स्वाभाविक निवेदक झाला. मराठीत, ज्याला तिजोरी फोडणारा हवा आहे असा चतुर पुरुष निर्माण झाला; ज्याला माजघराचे दार ठोठावता येईल असा माणूस निर्माण झाला नाही.

ह्या अवस्थेवर प्रत्यक्षातील एका गुन्हेगाराने केलेले भाष्य कोणत्याही समीक्षेपेक्षा भेदक आहे. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री पुण्यातील लक्ष्मीबाई कर्वे ही सधन विधवा डॉ. अनंत चिंतामण लागू ह्यांच्यासमवेत आगगाडीने मुंबईस निघाली. सकाळी ती बेशुद्धावस्थेत गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल झाली, तीही खोट्या नावाने, आणि तेथेच मरण पावली. प्रेत बेवारस राहिले. पुढे पुण्यातील आप्तस्नेह्यांना पत्रे येऊ लागली : आपण जोशी नावाच्या गृहस्थाशी पुनर्विवाह केला असून राजस्थानात राहतो, शोध करू नये. पत्रे बनावट होती. तिची मालमत्ता दरम्यान दुसरीकडे जात होती. परिचितांनी १९५७ च्या अखेरीस तक्रारी केल्यावर तपास सुरू झाला. शवात विष आढळले नव्हते; तरी आरोपीच्या आधीच्या व नंतरच्या वर्तनाच्या साखळीवरून विषप्रयोग सिद्ध धरण्यात आला आणि १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने फाशीची शिक्षा कायम केली. न्या. सरकार ह्यांचे मत भिन्न होते. पुराव्याच्या कायद्याचे विद्यार्थी हा निवाडा आजही अभ्यासतात.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने त्यातील पत्रे अभ्यासावीत. खुनी मनुष्याला विधवेचे नाहीसे होणे समजावून सांगणारी अशी एक कथा हवी होती की जी ऐकून लोक पुढे विचारणार नाहीत. त्याने निवडलेली कथा म्हणजे गुपचूप केलेला पुनर्विवाह. विधवाविवाहाचा कायदा होऊन त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती. शंभर वर्षांनंतरही विधवेचे लग्न ही गोष्ट अशी होती की तिच्यापाशी येऊन आप्तांची जिज्ञासा थबकावी, असा त्याचा हिशेब होता. हा हिशेब वर्षभर तरी चुकला नाही.

त्यानंतरच्या दशकात मराठी रंगभूमीने हा विषय हाती घेतला, आणि लक्षणीय गोष्ट अशी की दोन्ही वेळा तिने न्यायालयच उभे केले. आचार्य अत्रे ह्यांच्या ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत झाला. माधव काझी नावाच्या भामट्याच्या खऱ्या प्रकरणावर ते बेतलेले आहे. निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे गावोगाव निरनिराळ्या नावांनी संसार थाटतो. फिरत्या रंगमंचावर साक्षीदार येतात आणि प्रत्येक साक्षीतून एकेका घराची झाकलेली नामुष्की उघडी होते. प्रभाकर पणशीकरांच्या भूमिकेवर प्रेक्षक लुब्ध झाले, हे खरे. पण नाटकाचा खरा कस त्या साक्षींमध्ये आहे. फसवणूक झालेल्यांना पिंजऱ्याजवळ येऊन आपल्या घरचे सांगावे लागते. लखोबाचे संरक्षण त्याच्या चातुर्यात जितके आहे, तितकेच त्यांच्या लाजेत आहे. आणि आरोपीचे एकच उत्तर, जे नाटकाचे नाव झाले, ते म्हणजे नाव नाकारणे. १८६३ मधील शास्त्र्याला असे नाकारण्याची पाळीसुद्धा आली नव्हती.

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६३ मध्ये लिहिले गेले व १९६७ मध्ये ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे ह्यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आणले, लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे ह्यांनी केली. मुंबईची हौशी नाटकमंडळी एका खेड्यात प्रयोगासाठी आलेली आहेत. वेळ घालविण्यासाठी लटका खटला मांडला जातो, आणि आरोप ठरतो भ्रूणहत्येचा. हसतखेळत सुरू झालेला खेळ हळूहळू खरा होतो, कारण ह्या मंडळींपैकी प्रत्येकाला बेणारेविषयी काही ना काही ठाऊक आहे. कोणालाही काही शोधावे लागत नाही. पदमनजींच्या प्रवाशाप्रमाणे परक्या गावात आल्याबरोबर तोंडे सुटतात. रहस्यकथेतील ‘कोणी केले’ हा प्रश्न येथे क्षणभरही उद्‌भवत नाही. ‘आता बोलायचे काय’ एवढाच प्रश्न आहे, आणि तो सुटल्यावर थांबवणारे कोणी नाही. शेवटी भ्रूणहत्येच्या आरोपीला शिक्षा होते ती तिच्या उदरातील गर्भ नष्ट करण्याची. आरोप आणि शिक्षा ह्यांतील ही विसंगती समीक्षकांनी पुष्कळदा दाखविली आहे.

तिच्याइतकीच लक्षात घेण्याजोगी गोष्ट पात्रयोजनेत आहे. काशीबाईच्या खटल्यानंतर १०४ वर्षांनी मराठीत त्या पुरुषाचे नाव उच्चारले जाते : प्रा. दामले. ते विवाहित आहेत, मंडळाचे सभासद आहेत, आणि लटक्या न्यायालयातील वकिलाचे काम नेहमी तेच करतात. आजच्या प्रयोगाला मात्र ते आलेले नाहीत. पडदा पडेपर्यंत ते येत नाहीत.